दृष्टिबाधित सोबत्यांबरोबर कुळागरात आणि खाजनाच्या बांधावर: वाट निवडण्यापासून घरी परतेपर्यंत

"सांभाळून!" असं मी ओरडले आणि मामा एक पाय हवेत धरून तसाच उभा राहिला. गोव्यात सावईवेऱ्याकडचं कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची माडा-पोफळीची बाग. डावीकडे पाट, उजवीकडे उतार. काचबिंदूने त्याची नजर गेली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. ज्या वाटेवरून तो जन्मभर शिंपणं करत फिरला, तिथे त्याला पुन्हा न्यायची हौस मला आली होती. "अगो, सांभाळून म्हणजे काय करू? थांबू, वाकू की उडी मारू?" वर पोफळीची सुकी झावळी लोंबत होती. मला म्हणायचं होतं, वाक.

त्यानंतर मामाबरोबर आणि मग हळूहळू इतरांबरोबर बऱ्याच वाटा चालले. अल्पदृष्टी असलेले, पूर्ण अंध, जन्मापासूनचे, परवा परवा दृष्टी गेलेले, सगळ्या तऱ्हेचे लोक सोबत होते. शिकले ते मुख्यतः चुकांमधून. या चालण्यात नेणाऱ्याचं खरं काम दोनच अवयवांचं असतं, कोपराचं आणि जिभेचं. कोपर शिकवता येतं, तासाभरात येतं. जिभेला वळण लावायला वेळ लागतो. "सांभाळून", "इथे", "तिकडे", "हे बघ" हे चार शब्द आधी सोडायचे. बाकीचं खाली क्रमाने सांगते.

पंधरा दिवस आधी: माणसं

यादीत नाव आलं की फोन करा आणि सरळ विचारा, "काय दिसतं आणि काय दिसत नाही?" लोक हा प्रश्न टाळतात, संकोच वाटतो म्हणून. ज्याला विचारायचं त्याला मात्र सहसा संकोच नसतो. "दृष्टिबाधित" या एका शब्दात फार वेगवेगळी माणसं बसलेली असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन गट आहेत. चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी (निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही न दिसणं) किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व. ६/१८ पासून ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. पायवाटेवर हे आकडे फारसे कामाला येत नाहीत. माणसाची नजर कशी गेली आहे, ते कामाला येतं.

काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा या पडद्याच्या आजारात कडेची नजर जाते. असा माणूस समोरच्या देवळाच्या कळसाबद्दल बोलेल आणि पायाशी पडलेल्या नारळावर अडखळेल. त्यातही रेटिनायटिसवाल्याला अंधारात जवळपास काहीच दिसत नाही. मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, आजारात उलटं होतं. मधलं पुसलं जातं, कडा राहतात. त्याला वाट सापडते, पण तुमचा चेहरा ओळखू येत नाही. मधुमेहाने पडदा खराब झालेल्यांची नजर दिवसागणिक बदलते. काल दिसलं म्हणून आज दिसेलच असं नाही. अशांना साखर कमी होण्याचाही धोका असतो, म्हणून शेवटचं खाणं कधी झालं तेही विचारून ठेवा.

फोनवर आणखी तीन गोष्टी विचारा. ऐकू कोणत्या कानाने नीट येतं? कारण चालताना तुम्ही त्या बाजूला असायला हवं. पांढरी काठी वापरता का आणि कोणत्या हातात? आणि गुडघे कसे आहेत? वयस्क मंडळींत वाट नजरेपेक्षा गुडघ्यांमुळे जास्त वेळा बदलावी लागते.

वाट निवडणं

इथे वेळ घालवा. बाकी सगळं सुधारता येतं, चुकीची वाट सुधारत नाही.

वाट तीन वेळा चाला. पहिल्यांदा नेहमीसारखी. दुसऱ्यांदा डोळ्यांना पट्टी बांधून, कुणाच्या तरी कोपराला धरून. पट्टी बांधली म्हणजे अंधत्व कळलं असं मुळीच नाही. दोन तासांची पट्टी आणि दहा वर्षांची सवय यांची तुलना होत नाही. पण तुमच्या पायांना वाट कळते आणि तेवढंच हवं असतं. तिसऱ्यांदा ज्या वारी आणि ज्या वेळी जाणार, त्याच वारी आणि त्याच वेळी. कारण रविवारी सकाळी त्या वाटेवर मासळीवाल्याची स्कूटर, कुणाचा मोकळा कुत्रा आणि देवळातला कर्णा, असं काहीही निघू शकतं.

अंतर दोन ते तीन किलोमीटर पुरे. हात लावत, थांबत, गप्पा मारत गेलं की एवढ्याला अडीच तास लागतात. शिवाय बसायला जागा हवी आणि जवळ संडास हवा. वहीत लिहायचं ते असं: पायाखाली काय बदलतं आणि कुठे, वर काय लोंबतं आणि कुठे, कड कुठे मोकळी आहे. मधला मुद्दा सर्वांत जास्त विसरला जातो. पांढरी काठी जमीन चाचपते, कपाळ राखत नाही. वाटेवर झुकलेली काजूची फांदी, कपडे वाळत घालायची तार, अर्धवट तुटलेला बांबू, हे सगळं काठीला कळायच्या आत तोंडाला कळतं.

गोव्यात माझ्या आवडीच्या वाटा तीन जातींच्या.

पहिली कुळागराची. माड, पोफळी, मिऱ्याच्या वेली, जायफळ, केळी, अननस, सगळं एकावर एक रचलेलं आणि मधून पाटाचं पाणी. फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी या बाजूला अशी कुळागरं खूप आहेत. डोळे मिटून कुळागरात शिरा, उंबरा ओलांडल्यासारखं वाटतं. हवा गार होते, पायाखालचा जांभा संपून ओली माती लागते, रस्त्याचा आवाज मागे पडतो आणि पाट वाजायला लागतो. पाट म्हणजे आयतं कुंपण. "पाटाचा आवाज तुमच्या डाव्या हाताला ठेवा" एवढं सांगितलं की पूर्ण अंध माणूसही सपाट पट्ट्यात काठी घेऊन आपला आपण दहा पावलं चालू शकतो. ज्याला तसं हवं असेल त्याला चालू द्या.

अल्पदृष्टीवाल्यांना मात्र कुळागर त्रास देतं. पोफळीतून गळणारे उन्हाचे कवडसे जमिनीवर हलतात. त्यांना ते खड्डे वाटतात आणि खरे खड्डे कवडसे वाटतात. उन्हातून सावलीत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे जुळू द्या. पुढे कड असलेली टोपी आणि पिवळसर काचेचा चष्मा उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट मालकाला आधी विचारा. गवे आणि खेती, म्हणजे माकडं, येतात म्हणून हल्ली बऱ्याच ठिकाणी सौर कुंपणाच्या तारा असतात. त्या सकाळपुरत्या बंद ठेवायला सांगा आणि बंद झाल्याची स्वतः खात्री करा.

दुसरी वाट खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधाची. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेत. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा आणि चिऱ्यांचा बांध आणि त्यात बसवलेली मानस, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार. मानशीची दारं पाण्यानेच चालतात. भरतीच्या पाण्याचा दाब आला की आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. ओहोटी लागल्यावर मानशीजवळ पोहोचाल असा बेत करा. आतलं पाणी दाराच्या फटीतून जोराने बाहेर पडतं तो आवाज आणि लाकडातली थरथर, दोन्ही मिळतात. एका सोबत्याने मानशीच्या खांबाला तळहात टेकवून विचारलं, "हे आत काय चाललंय?" मग अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि दर दिवशी सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. तेव्हा मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. तक्ता बघा, नाहीतर रापणकाराला, म्हणजे रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारा. तोच बरा.

बांधाची रुंदी हीच अडचण. दोघं शेजारी चालू शकतात असा भाग हवा. एकामागे एक चालायचा तुकडा शंभर पावलांहून जास्त असेल तर तो बांध सोडा. बांधाची देखभाल करणाऱ्या कुळांना आधी सांगून ठेवा. नुकती डागडुजी झालेला बांध भुसभुशीत असतो आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

मांडवीतल्या दिवाडी किंवा चोडण बेटावर जायचं तर फेरीबोट आलीच आणि ती खुद्द सहलीचा भाग धरा. साखळीचा खणखणाट, इंजिनाची छातीत घुमणारी धडधड, वाऱ्याला येणारा चिखलाचा वास. पण चढताना घाई करू नका. गाड्या पूर्ण उतरू द्या, मग चढा. बोटीची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते तिथे ओठासारखी कड असते. तिचा चढ भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो आणि लोखंड ओलं असतं. तिथे थांबून "लोखंडी फळी, चढ, कड चार बोटं उंच" असं सांगूनच पाऊल टाका. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीतून जाणारी बांधीव वाट आहे. काठीवाल्यांना ती सोयीची पडते. चिखलातून वर आलेली खारफुटीची श्वासमुळं वाटेच्या कडेला हाताला लागतात.

तिसरी रानाची किंवा देवराईची. सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराची राय आहे. रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल. मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर आलेली. बोटांनी बघण्यासारखी याहून चांगली गोष्ट गोव्यात मला माहीत नाही. पण ती देवाची जागा आहे. गावकऱ्यांची परवानगी, त्यांचे नियम आणि त्यांचाच माणूस पुढे, याशिवाय जाऊ नका. मोठा गट तर नकोच.

लोक मला नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीला न्या म्हणून सुचवतात. मी नेत नाही. बुडबुडे हा डोळ्यांचाच खेळ आणि कडेच्या पायऱ्या शेवाळलेल्या.

ऋतू

पाऊस संपून वाटा सुकल्या की, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हे चालायचे दिवस. सकाळी सातला सुरुवात, दहाच्या आत सावलीत. पण नाकासाठी खरे दिवस पुढचे. सुरंगी फुलते तेव्हा झाड सापडायच्या आधी वास सापडतो. मग माश्यांची गुणगुण आणि मग खोड. मार्च-एप्रिलात काजूच्या बागेत बोंडवांचा आंबूस गोड वास आणि कोळंबीत, म्हणजे बोंडू मळायच्या कुंडीत, ते तुडवण्याचा पचपच आवाज. तेव्हा सहाला निघायचं आणि साडेआठला आटोपायचं. पावसाळ्यात मी गट नेत नाही. पहाटे शीळ कस्तूर गातो, बेडकांचा बाजार भरतो हे सगळं खरं. पण चिऱ्यावरच्या शेवाळावरून एक माणूस घसरला तर त्याच्याबरोबर कोपर धरलेला दुसराही जातो. तो आवाज ऐकायचा असेल तर एखाद्या घराच्या सोप्यावर बसून ऐका.

सत्तरीच्या रानात आणखी एक काळजी. तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. आरोग्य केंद्रात विचारल्याशिवाय त्या बाजूचा बेत आखू नका. मेलेलं माकड दिसलं किंवा वास आला तर मागे फिरा आणि कळवा.

आदल्या दिवशी: कोपर

एका दृष्टिबाधितामागे एक सोबती, शिवाय सर्वांत पुढे वाट माहीत असलेला एक आणि सर्वांत मागे एक. सहा जोड्यांहून जास्त नकोत, नाहीतर शेवटच्याला पक्षी उडून गेल्याचंच वर्तमान कळतं.

सोबत्यांना देवळाच्या किंवा शाळेच्या पायऱ्यांवर तासभर शिकवा. पहिला नियम, तुम्ही त्यांना धरायचं नाही, ते तुम्हाला धरतील. दंड पकडून ढकलत नेणं ही आपल्याकडची प्रेमाची पद्धत. त्यात मागच्याला पुढे काय आहे ते कळत नाही आणि तोल मात्र तुमच्या ताब्यात जातो. तुमच्या हाताची पाठ त्यांच्या हाताला हलकेच लावा. ते वर सरकून कोपराच्या किंचित वर धरतील आणि अर्धं पाऊल मागे राहतील. तुमचं अंग वर गेलं, खाली गेलं, वळलं की त्यांना शब्दाआधी कळतं. काठी उजव्या हातात असेल तर त्यांचा डावा हात तुमच्या उजव्या कोपरावर.

वाट अरुंद झाली की धरलेला हात पाठीमागे घ्या, कमरेशी. मागचा माणूस हात लांब करून मनगटाशी सरकतो आणि तुमच्या बरोबर मागे येतो. तुकडा लांब असेल तर याने खांदे दुखतात. तेव्हा पाठपिशवीचा पट्टा धरायला द्या किंवा दोघांच्या हातात एक आडवी धरलेली काठी.

पायऱ्यांशी सरळ तोंड करून थांबा. "पायऱ्या, खाली, सात, पहिली उंच." मग तुम्ही एक पायरी पुढे. चिऱ्याच्या जुन्या पायऱ्या एकसारख्या कधीच नसतात, म्हणून नुसता आकडा पुरत नाही. शेवटची आली की "संपल्या, सपाट" असं म्हणायला विसरू नका. नसलेली पायरी शोधत टाकलेलं पाऊल कमरेला झटका देतं.

साकवावर मी घेतलेला धडा इथे सांगते. व्हाळावर दोन पोफळीची खोडं आडवी, एका बाजूला बांबूचा कठडा. एका निवृत्त शिक्षकांना मी कोपराने नेलं, अर्ध्यात खोड लवलं आणि दोघंही डुगडुगलो. पलीकडे पोचल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही मला आधी कठडा दाखवला असता तर मी तुमच्याशिवाय गेलो असतो." तेव्हापासून साकवावर कोपर नाही. त्यांचा हात कठड्यावर ठेवायचा, लांबी पावलांत सांगायची, एका वेळी एकच माणूस, आणि पलीकडे उभं राहून बोलत राहायचं म्हणजे आवाजाच्या दिशेने येता येतं. कठडा नसेल त्या साकवावर गट न्यायचाच नाही.

त्याच संध्याकाळी जमल्यास वाटेचा नकाशा करा. पुठ्ठ्यावर जाड सुतळी म्हणजे वाट, लोकरीचा धागा म्हणजे पाट, चिकटवलेली वाल-पापडी म्हणजे थांबे, सँडपेपरचा तुकडा म्हणजे कातळ. निघायच्या आधी तो बोटांखालून जाऊ द्या. "आपण आता दुसऱ्या वालाशी आहोत" हे ऐकून माणसाचा चेहरा बदलतो.

त्या सकाळी: जीभ

सोबत्याने गडद नाही, एकरंगी पिवळा किंवा केशरी सदरा घालावा. अल्पदृष्टीवाल्यांना हिरव्यात तो ठिपका धरता येतो. सगळे जमले की प्रत्येकाने आपलं नाव आपल्या तोंडाने सांगावं, म्हणजे आवाज आणि नाव जोडलं जातं. मध्येच कुणाला सोडून फोटो काढायला जाऊ नका. जायचंच असेल तर सांगून आणि त्यांचा हात झाडाला किंवा गडग्याला लावून जा. मोकळ्या जागेत आधाराशिवाय उभं करून ठेवणं हा सर्वांत वाईट अपराध.

दिशा घड्याळाने सांगा. "दोन वाजता, वीस पावलांवर, फणसाचं झाड." धोका सांगताना आधी कृती, मग कारण. "थांबा, गाय." "वाका, फांदी." उलट क्रमाने बोललात तर कारण ऐकेपर्यंत फांदी लागलेली असते.

रंग सांगा. जन्मांधाला रंगांचं काय, असं म्हणणारे भेटतात. त्याला विचारा, बहुतेक जण ऐकायला उत्सुक असतात. नंतर दृष्टी गेलेल्यांना तर भाताच्या लोंबीचा नेमका पिवळा कोणता ते हवं असतं, "कच्च्या हळकुंडासारखा की वाळल्या गवतासारखा?" "बघ", "दिसतंय" हे शब्द चोरून वापरू नका. ते लोक स्वतः सर्रास वापरतात.

आणि गप्प बसा. दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं कोणीही बोलायचं नाही. मग प्रत्येकाने काय ऐकलं ते सांगायचं. तांबटाची टुक टुक, कुटुर्ग्याची न थांबणारी रड, भारद्वाजाचा घुमणारा हुंकार, आणि नशीब असेल तर डोक्यावरून धनेश जाताना पंखांचा घरघर आवाज. यात डोळसांची यादी नेहमी आखूड निघते.

हात लावणं

आधी तुम्ही लावा, मग त्यांना सांगा आणि विचारा. कुणाचा हात ओढून खोडावर ठेवू नका. तुमचा हात खोडावर ठेवा, त्यांचा तुमच्या हातावरून खाली सरकू द्या. पोफळीच्या खोडावरची वळी, माडाचं खरखरीत अंग, चुरगळलेलं दालचिनीचं पान, मिऱ्याचा हिरवा घोस, पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, जिच्यात लहानपणी बसून आपण घसरायचो. त्या विरीवर तिथल्या तिथे दोघांना बसवून ओढलं, तर पन्नाशीची माणसंही हसून लोळतात.

हात लावू न देण्याची यादीही तोंडपाठ हवी. खाजकुयलीच्या शेंगा, हिवाळ्यात वाटेवरच लोंबतात. बिब्ब्याचं झाड. काजूची ओली बी, तिच्या टरफलातल्या चिकाने कातडी भाजते. तिरफळाचं काटेरी खोड. पानं शिवून केलेली हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, घरटी. आणि दगडाच्या फटीत, पाल्याच्या ढिगात कोणाचाही हात नको. जांभ्याच्या गडग्यांत फुरसं राहतं.

जवळ असू द्यावं असं

चपला नव्हे, पूर्ण बूट. सुटे मोजे, ओआरएस, गोळ्या, साखर, चिकटपट्टी, शिट्टी. सर्पदंश झाला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. माणसाला बसवा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. म्हणूनच वाटेवर कुठे फोन लागतो आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येते, ते पहिल्या फेरीतच वहीत लिहायचं.

शेवटी पेज

मांगरात किंवा मालकाच्या सोप्यावर उकड्या तांदळाची पेज, खारातली तोर (मिठाच्या पाण्यातली कैरी), एखादी सुकी भाजी. बसवताना खांदा दाबू नका, हात बाकाच्या पाठीवर ठेवून द्या. ताटही घड्याळाने सांगा. "पेज मध्ये, तोर तीन वाजता, भाजी नऊ वाजता, पाण्याचा पेला ताटाबाहेर एक वाजता." पेज गरम असेल तर तेही सांगा. यजमानीणबाई प्रेमाने वाडगं पुन्हा पुन्हा भरतात, पण न सांगता भरलं की बोटं भाजतात. त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन करा. "कसं वाटलं" विचारू नका, "छान" एवढंच ऐकू येईल. "कुठे कंटाळा आला, कुठे भीती वाटली?" असं विचारा आणि जागेसकट लिहून ठेवा. माझ्या वहीत मामाची शेवटची नोंद अशी: दुसऱ्या वळणानंतर पाटाचा आवाज थांबतो, तिथे माती घसरली असणार, जाऊन बघ. गेले तर खरंच पाटाचा काठ हातभर खचला होता आणि पाणी खालच्या केळीत शिरलं होतं.